खामपेंगची टोपली

खामपेंगचे हात सुंदर आहेत, हे मी कोणासमोर कबूल करणार नाही. नान गावात वाहत्या पाण्याची नक्षी सगळ्याच बायका विणतात, पण तिच्या कापडावरचं पाणी खरंच हलतं. माझं साचलेलं असतं. तिने लग्न केलं नाही. चाळीस वर्षं तीच ओसरी, तोच माग. आणि आमचं लग्न होण्याआधी माझा नवरा इंता संध्याकाळी त्याच ओसरीवर गप्पा मारायला बसायचा. तेव्हा सगळीच पोरं सूत कातणाऱ्या मुलींकडे अशी जायची, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. मला मात्र अजून वाटतं.

इंता जाऊन तीन वर्षं झाली. पावसाळा सरताना आम्ही विहारात मेलेल्यांच्या नावाने टोपल्या वाहतो. कोणासाठी ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या मिसळतात आणि ज्या भंतेंच्या हाती जी येईल, ती ते मोठ्याने वाचतात. टोपलीतलं सगळं त्या माणसाला पोचतं. स्वतःच्या पुढच्या जन्मासाठीही लिहिता येतं.

यंदा म्हाताऱ्या भंतेंनी वाचलं, "खामपेंगकडून, दिवंगत इंतासाठी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या टोपलीत चिकट भात, तंबाखू, भाजलेल्या मिरच्यांची चटणी. सगळं त्याच्या आवडीचं. मी तिला तिथेच गाठलं.

"नवरा माझा. तू कोण त्याला जेवू घालणारी?"

"हळू बोल, सीदा. ओरडून काय तो उठून येणारे?"

"जन्मभर डोळा ठेवलास त्याच्यावर. मेल्यावर तरी सोड."

"सोडलाच होता गं बाई. पण गेल्या वर्षी भंतेंनी तुझी चिठ्ठी वाचली, तेव्हा मी मागेच बसले होते. तू स्वतःसाठी लिहिलं होतंस. म्हटलं, बिचारा रिकाम्या हाताने परत गेला असेल. यंदाही तसंच झालं तर?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात भंतेंनी पुढची चिठ्ठी उचलली.

"सीदाकडून, स्वतःच्या पुढच्या जन्मासाठी. सुंदर हात मिळावेत."

बायका माझ्या हातांकडे बघू लागल्या. मी ते पदराखाली घेतले. खामपेंग हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

विहारात सगळ्यांत मोठी टोपली माझी होती. इंता त्या दिवशी तिच्या हातचं जेवला.