अनुमानाचा तास आणि आमचा राब

महाडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारे आम्ही चौघे होतो. तास ग्रंथालयामागच्या खोलीत होत. तिघांनी हा विषय घेतला कारण बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. मी घेतला तो सरांमुळे. सर निवृत्तीला आले होते, आणि वाद घालणाऱ्याला खुर्ची पुढे ओढायला सांगत. गावात कोणी वडिलांना विचारलं, की पोरगा काय शिकतो, तर ते सांगत, "वकिलीचंच हाय कायतरी."

दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये भारतीय तर्कशास्त्र चालू होतं. अनुमानाचं जुनं उदाहरण सगळ्यांना पाठ होतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. सरांनी विचारलं, "धुरावरून आग कळते. कोणी लावली ते कळतं का?"

"सर, आमच्या गावात कळतं," पोलादपूरकडचा एकजण म्हणाला. वर्ग हसला, सरही हसले.

सोमवारी या भागावर चाचणी होती. शनिवारी मी एसटीने पोलादपूरला आणि तिथून जीपने गावी गेलो. रविवारी आमचा राब भाजायचा होता. भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर शेण, झाडांची तोडलेली टहाळी, गवत आणि वर माती असे थर देऊन ते पेटवतात. तो राब. टहाळीला आमच्याकडे कवळ म्हणतात. भाजणी सकाळी लवकर उरकतात, कारण अकराच्या सुमाराला खोऱ्यातून वारा वर चढतो. वाफ्याभोवतीचं गवत आधी खरवडून काढतात आणि राख निवेपर्यंत एक माणूस तिथे बसतो. खरवडण्याचं आणि बसण्याचं, दोन्ही कामं माझ्याकडे होती.

उजाडताना वडिलांनी राब पेटवला. साडेसातला ते आणि चुलतभाऊ घरी गेले. चुलतभाऊ मुंबईत टेम्पो चालवायचा. शिमग्याला आला होता, तो अजून गेला नव्हता. मी झाडाखाली वही उघडून बसलो. दहानंतर धूर दिसेना. अशा वेळी काठीने राख उकरून तळाला विस्तव आहे का ते पाहायचं असतं. मी उकरली नाही. भूक लागली होती आणि चार पानं वाचायची राहिली होती. मी घरी गेलो.

जेवताना आईने दारातून विचारलं, "वर धूर कसला रे?"

आमच्या वाफ्याच्या वरच्या उतारावर, आमच्याच दुसऱ्या राबासाठी रचून ठेवलेले कवळाचे भारे पेटले होते. वरच्या वाडीच्या पायवाटेने एक माणूस त्या बाजूला धावत येत होता. त्याच्या हातात कोयता होता. तो म्हशी राखणारा, वयाने वडिलांएवढा. पंधरा दिवसांपूर्वी त्याचं वडिलांशी भांडण झालं होतं. बांधावरच्या ऐनाच्या झाडाचं कवळ आम्ही तोडलं होतं आणि तो ऐन आपला आहे असं त्याचं म्हणणं होतं.

"ह्यानेच पेटवलं," मी म्हणालो.

"तू बघितलास?" वडिलांनी विचारलं.

"बघायला कशाला पाहिजे? आपला राब निवालाय. वर दुसरं कोणी नाय. भांडण त्याचंच होतं. आणि कोयता कशाला आणलाय मग?"

चुलतभावाने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. "काका, शिकलेला पोरगा सांगतोय. और क्या चाहिए?"

ते दोघे धावले. मी पन्नास पावलं मागे होतो.

आम्ही पोचलो तेव्हा त्या माणसाने कोयत्याने एक हिरवी फांदी तोडली होती आणि तिने तो आग झोडत होता. त्याची आमच्याकडे पाठ होती. चुलतभावाने कुऱ्हाड उलटी धरून दांडा त्याच्या खांद्यावर घातला. तो वळला. कोयता अजून डाव्या हातात होता. वडिलांनी त्या हातावर दगड मारला आणि कोयता पडला. दांड्याचा दुसरा फटका त्याने उजव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवर ऐकू आला. तो पाठीवर पडला, जळत्या कवळावर. उठायला लागला की ते दोघे त्याला लाथेने परत खाली पाडत. तो एकच वाक्य ओरडत होता, "आग तुमच्या राबातनं आलीय! राब तुमचाच!" चुलतभावाने त्याच्या तोंडावर टाच मारली. त्यानंतर ते वाक्य ऐकू आलं नाही.

वरच्या वाडीतल्या बाया दगड भिरकावत खाली आल्या. वडिलांच्या भुवईला खोक पडली. तेव्हा मारहाण थांबली. वाडीतल्या लोकांनी त्या माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेलं.

आग विझवायला मी मागे थांबलो. जळलेल्या गवताचा काळा पट्टा भाऱ्यांपासून खाली जात होता. मी त्याच्यावरून चालत गेलो. तो आमच्या वाफ्याच्या एका कोपऱ्याशी संपत होता. तिथलं गवत मी खरवडलं नव्हतं. मी पुन्हा वर गेलो आणि पुन्हा खाली आलो. पट्टा तोच होता.

दुपारी आम्ही पोलादपूरच्या ठाण्यात त्याच्याविरुद्ध तक्रार दिली आणि माझा जबाब झाला. हवालदारांनी विचारलं, "पेटवताना पाहिलास ना त्याला?" चुलतभाऊ माझ्या मागे उभा होता.

"हो," मी सांगितलं आणि सही केली.

सोमवारी मी चाचणी दिली. प्रश्न अपेक्षित होता. मी उत्तर पूर्ण लिहिलं, आणि तिथून महाडमधल्या दवाखान्यात गेलो. त्या माणसाच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. पुढचे दोन दात नव्हते. पाठ भाजल्यामुळे तो कुशीवर झोपला होता. दाराशी पोलीस बसला होता.

"आता काय जाळायला आलास?" त्याच्या बायकोने विचारलं.

मी काळ्या पट्ट्याबद्दल सांगितलं. राब सोडून जेवायला गेलो होतो, हेही सांगितलं.

"माला काय सांगतोस?" तो म्हणाला. दात नसल्याने शब्द नीट उमटत नव्हते. "माला ठावं हाय. मी ओरडत नव्हतो काय? हितनं सुटलो की आत टाकणार हायत माला. आग लावली म्हणून, कोयता घेऊन आलो म्हणून. घरात ही एकटी. म्हशी कोण राखील?"

त्याने मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

"तुज्या तोंडानी अडकलोय. तुज्याच तोंडानी सोडव."

"मग वडील आत जातील."

"जातील," तो म्हणाला.

दुपारच्या गाडीने मी पोलादपूरला गेलो. ठाण्यात कालचेच हवालदार होते.

"काल दिसलं आणि आज दिसत नाही? कॉलेजात काय शिकतोस रे?"

"तत्त्वज्ञान."

"मग बरोबर." टेबलाभोवतीचे सगळे हसले. हवालदारांनी मग सांगितलं, की खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावरही कारवाई होऊ शकते. मी मान डोलावली. लिहायला तासभर गेला. कोणी कोणाला आधी मारलं, कशाने मारलं, तो माणूस तेव्हा काय करत होता, हे त्यांनी एकेक करून विचारलं. मी एकेक करून सांगितलं.

मी घरी पोचण्याआधी तिथे ठाण्यातून फोन पोचला होता. ऊन उतरलं होतं. चुलतभाऊ अंगणात उभा होता. त्याने पहिला फटका कानाखाली मारला. "घरच्या माणसाला गाडतोस? काकाला आत घालतोस?" दुसऱ्या फटक्याने ओठ फाटला. आईने त्याचा शर्ट मागून धरला होता, तो फाटला. "सोड गो काकू!" म्हणत त्याने तिला ढकललं आणि चुलीसाठी फोडलेलं एक लाकूड उचललं.

वडील ओटीवर बसले होते. भुवईवर पट्टी होती. ते उठले नाहीत.

"तोंडावर नको मारू," ते म्हणाले. "उद्या त्याला ठाण्यात परत बोलावतील. बोलता आला पायजे."

चुलतभावाने मग पाठीवर मारलं.