न लढता मिळालेलं सुवर्ण

लातुरात मरायला टेकलेलं बॉक्सिंग मी जगवलं, असं लोक म्हणतात. मागच्या वर्षी त्यासाठी माझा सत्कारही झाला. शाल, श्रीफळ आणि गळ्यात एवढा मोठा हार की समोरचं धड दिसेना. एका अर्थी बरंच झालं, कारण समोर पहिल्या रांगेत माझा थोरला भाऊ बसला होता आणि त्याच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती.

मी क्लासवाली बाई, रसायनशास्त्र शिकवते. ठोसा कसा मारतात हे मला आजही येत नाही. बॉक्सिंग दादाचं. तो ते फौजेत शिकला. भूकंपात वहिनीचं माहेर गेलं, घर आणि घरातली माणसंही, तेव्हा तो नोकरी सोडून कायमचा लातूरला आला. मदतीच्या सामानासाठी उभारलेलं एक पत्र्याचं शेड पुढे रिकामं पडलं होतं, ते त्यानं मागून घेतलं. पोत्यांत वाळू आणि चिंध्या भरून ती आढ्याला टांगली. गुरं बांधायचा जाड दोर देवणीच्या बाजारातून आणून रिंग आखली. भूकंपाच्या गावांतून शिकायला आलेली पोरं तेव्हा शहरात बरीच होती आणि त्यांना कुणाला तरी, कशाला तरी मारायचंच होतं. दादा त्यांना म्हणायचा, मारा, पण नियमानं मारा.

रविवारी लढती व्हायच्या. मोंढ्यातले हमाल, अडते, कॉलेजची पोरं, सगळे शेडबाहेर दाटी करायचे. धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी तर लातूरचं काम मुद्दाम रविवारला धरून काढायचा. जिंकणाऱ्याला कुणीतरी फेटा बांधायचं, हरणाऱ्याला दोघंतिघं धरून चहाला न्यायचे. हरलेला तो चहा पिताना रडायचा आणि पुढच्या रविवारी परत यायचा. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि तरी त्यातलं काही मला कळलं नव्हतं.

मग क्लासचे दिवस आले. आमच्या गावात पोर पाळण्यात असतानाच आईबाप त्याच्या बॅचची चौकशी करायला लागले. डोक्याला मार लागला तर काय करायचं, दहावीचं वर्ष आहे, बारावीचं वर्ष आहे, असं म्हणत एकेक पोरगं शेडमधून कमी झालं. यात दुसऱ्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही. रविवारी सकाळी टेस्ट घ्यायची टूम माझीच. पोरं माझ्याकडे सूत्रं लिहीत बसायची तेव्हा दादा शेड झाडून, ग्लोव्हज उन्हात टाकून, दाराशी बसून राहायचा.

तो काही बोलला असता तर मी भांडले असते. तो बोलला नाही, म्हणून मला राहवलं नाही आणि मी डोकं चालवलं. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण क्रिकेटला, कबड्डीला ही गर्दी. बॉक्सिंगमध्ये मात्र वजनगट भरपूर आणि खेळणारं कुणी नाही. एका गटात दोघंच असतील तर त्यातला एक विभागापर्यंत आपोआप जातो. हे गणित मी पालकांच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवलं. महिन्याभरात शेड भरलं. वर्षभरात तिथं फरशी आली, खरी रिंग आली, आणि दाराबाहेर आयांच्या स्कूटी लागल्या.

दादानं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. मला म्हणाला, "बाई, ही पोरं वजन करायला आलीत, लढायला न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. आधी आत तर येऊ देत, मग लागेल गोडी, असं त्याला समजावलं. गोडी लागली नाही. तोंडावर मारायचं नाही ही आयांची पहिली अट. स्पर्धेत कोण पुढे जाणार, कोण पोटदुखीचं निमित्त करून बसणार, हे पालक आधीच फोनवर ठरवायचे. पोरं हातमोजे घालून फोटो काढायची. रविवारी बघायला कुणी येईना, कारण बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण शेड भरलेलं होतं, आणि भरलेल्या शेडला कुणी मेलेलं म्हणत नाही.

त्या सगळ्या गर्दीत लढायला आलेली एकच होती, दादाची मुलगी. लहानपणापासून त्या वाळूच्या पोत्यावर वाढलेली. अकरावीत गेली तेव्हा तिचा उजवा हात असा होता की पॅड धरणाऱ्या दादाचे खांदे दुखायचे. तिला राज्य खेळायचं होतं, देश खेळायचा होता. मार्कांचं तिनं कधी विचारलंसुद्धा नाही.

जिल्ह्याला तिच्या गटात आणखी दोन मुली होत्या, दोघी माझ्याच बॅचच्या. त्यांच्या आया घाबऱ्या होऊन माझ्याकडे आल्या, तुमची भाची खरंच मारते म्हणे. मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की वजन तेवढं करा, नाव लागू द्या, लढतीच्या वेळी मुलीला बाहेर ठेवा, तिघींतच नंबर आहेत, गुण मिळतीलच. दादाला कळवलं नाही, भाचीला तर नाहीच. पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा ती समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

विभागीय स्पर्धा नांदेडला. तिथं उमरीकडच्या एका मुलीचे वडील मला आपणहून भेटले, म्हणाले, मॅडम, आमचंबी मार्कापुरतंच काम हाय. झालं. पुन्हा रिकामा कोपरा, पुन्हा सुवर्ण. ग्लोव्हज सोडताना भाचीनं मला विचारलं की माझ्यासमोर कुणी येतच का नाही. मी म्हणाले, सगळ्या तुला घाबरतात गं. ती केवढी खुलली. मी तिची आत्या, त्यातून शिक्षिका. मी सांगितलेलं तिला खोटं वाटण्याचं कारणच नव्हतं. शेडमध्ये रोज समोर उभा राहायचा तो दादा, आणि बापाचा हात लेकीच्या तोंडापर्यंत जायचा नाही, वीतभर अलीकडेच थांबायचा. म्हणजे दोन सुवर्णपदकं गळ्यात घालून पुण्याला राज्य स्पर्धेला निघालेल्या त्या पोरीला तोवर कुणीही, कधीही मारलेलं नव्हतं.

पुण्याची मुलगी तिच्याहून बुटकी होती. घंटा झाली आणि पहिलाच ठोसा नाकावर बसला. भाचीनं हात वर घ्यायला हवे होते. तिनं वळून आमच्याकडे बघितलं. दुखल्यापेक्षा तिला नवल वाटलेलं दिसत होतं. तेवढ्यात दुसरा बसला, तिसरा बसला. पंचांनी आकडे मोजले, तिला पुन्हा उभं केलं, आणि पुन्हा तेच झालं. लढत थांबवली तेव्हा दादा आधीच टॉवेल घेऊन दोरांपाशी पोचला होता.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, नाकपुड्यांत कापूस. अर्धा रस्ता संपला. मग तिनं सरळ विचारलं की जिल्ह्याच्या त्या दोघींना मीच थांबवलं होतं का. मी हो म्हणाले. तिचा आवाज चढला नाही.

"एकदा तरी मला मार खाऊ द्यायचा होता की, आत्या. आपल्या गावात लागला असता तर घर होतं, पुढं काय करायचं ते पप्पांनी शिकवलं असतं."

पुढच्या सीटवर दादा खिडकीबाहेर बघत होता. त्यानं ऐकलं होतं. गाडीतून उतरल्यावर मला म्हणाला, "तू एकटी न्हाई बाई. माझाबी हात कुठं उठला तिच्यावर?" त्यानं मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं. माझ्या वाट्याचा दोष वाटून घेऊन त्यानं मला जास्तच एकटं पाडलं.

भाचीनं ग्लोव्हज कायमचे सोडले. राज्य खेळल्याचे वाढीव गुण मात्र तिला मिळणार होते, आणि ही बातमी तिच्या सुजलेल्या नाकाच्या आधी गावभर झाली. वर्ष संपायच्या आत शेडमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. मग तो सत्कार. मी घरून ठरवून गेले होते की आज माइकवर खरं बोलायचं. मुलं रिंगमध्ये उतरणार नसतील तर आणू नका, मार खायची आणि हरायची तयारी ठेवा, आणि हरलेलं पोर बघायला तुम्हीही या. खेळ जगतो तो असा. पण समोर माझ्याच बॅचचे पालक होते आणि नवे प्रवेश चालू होते. हार सावरत मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

भाची आता बारावीला, माझ्याच क्लासमध्ये. शांत झाली आहे, अभ्यास करते, दुपारी ऑफिसात बसून पेपरांचे गठ्ठे लावायला मदत करते. मला अजून आत्याच म्हणते. मी तिच्याकडे सरळ बघत नाही, आणि ते तिला कळतं.

गेल्या महिन्यात निलंग्याच्या एक बाई मुलीला घेऊन ऑफिसात आल्या. मुलगी किरकोळ अंगाची, पण बसल्या जागी तिचे पाय एकसारखे हलत होते. आईनं बॉक्सिंगच्या मार्कांचं विचारलं. मुलीनं आईला मध्येच तोडून विचारलं की तिथं खरंच लढायला मिळतं का. आईनं तिला दटावलं आणि काळजीनं माझ्याकडे बघितलं. आज सांगून टाकायचं, मिळतं, लागतं, रक्तही येतं, असं मी मनाशी जुळवत होते. मी तोंड उघडायच्या आत पेपर लावता लावता भाची बोलली. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. नव्या पालकांशी मी बोलते तशी ती बोलली.

"घाला की काकू. आमच्याकडं कुणी कुणाला मारत न्हाई."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मुलीचे पाय थांबले. प्रॅक्टिस किती वाजता असते, असं बाईंनी विचारलं, आणि मी वेळ सांगितली.