वरचा त्रिकोण

चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये मी शिकवायला नुकताच लागलो होतो. पीएचडीच्या प्रबंधासाठी तीन पातळ्यांचा इन्व्हर्टर बांधत होतो. डीसी वीज दोन कपॅसिटरांवर सारखी वाटायची आणि मोटारीला आलटून पालटून वरचं टोक, मधला बिंदू, खालचं टोक जोडायचं. कुठलं टोक किती वेळ, हे एकाखाली एक बसवलेल्या दोन सर्किट कार्डांवर तयार होणाऱ्या दोन त्रिकोणी लहरी ठरवायच्या. त्यांची उंची सारखी नसली, की एका कपॅसिटरवर ताण वाढे आणि मोटार घुमायला लागे.

सकाळी मी कार्डावरचा बारीक स्क्रू फिरवून पडद्यावर दिसणारे दोन्ही त्रिकोण जुळवायचो. जेवून परत यावं, तर वरचा बुटका झालेला. रोज.

जेवणाच्या वेळी खोलीत एकच माणूस असायचा, प्रयोगशाळेचे परिचर. नागभीडकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. माझ्या आधीच्या सरांशी त्यांचं फार जमायचं, आणि त्या सरांना डावलून ही खोली मला मिळाली होती. संशय घ्यायला एवढं मला पुरलं. स्क्रूवर मी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुपारी ठिपका शाबूत, त्रिकोण बुटकाच. मी ठरवलं, यांनी खरवडून पुन्हा लावला असणार. भाऊ काही बोलायला जवळ आले, तरी मी वही मिटायचो.

शेवटी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंना भांडारात पाठवलं.

दोन दिवस कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. त्रिकोण दुपारी पुन्हा बुटका. मग दुसरी किल्ली कोणाकडे आहे, याचा विचार करत बसलो. स्वतःवर संशय घ्यायचं मात्र सुचलं नाही.

तिसऱ्या दुपारी भाऊ भांडाराची नोंदवही सही करायला घेऊन आले. दारातच थांबले.

"साहेब, मशीनले मी कधी हात नाई लावला. तुमाले शक होता, तर मलेच काऊन नाई इचारलं?"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"एक वाजला का खिडकीतून ऊन येते. त्या वरच्या कार्डावरच पडते. खालचं सावलीत. ऊन चढलं का मोटार घुमून राह्यते. सांगाले आलो होतो दोन खेपा."

मी वरच्या कार्डाला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. खालचं कार्ड गार होतं. खिडकीला पुठ्ठा लावला. अर्ध्या तासात कार्ड निवलं, तसा वरचा त्रिकोण हळूहळू पूर्ववत झाला.

संध्याकाळी मी विभागप्रमुखांना चूक सांगितली आणि भांडारात गेलो. "भाऊ, माझं चुकलं. परत या."

त्यांनी बल्बांचा खोका फळीवर सरकवला. "आमच्या घरची पयली नोकरी हाय ही, साहेब. गावात हा आळ समजला असता, तर तोंड दाखवाले जागा राहिली नसती." मग म्हणाले, "मी इथीच बरा हाव."

प्रबंध पुढं मान्य झाला. भाऊ निवृत्त होईपर्यंत भांडारातच राहिले. भेटलो की नमस्कार करायचे. जवळ येऊन काही सांगणं मात्र त्यांनी सोडलं.