सदरा धरून रडणारी

रोह्याच्या बाजारात सुक्या मासळीवालीने मला फसवलं. वरचे बोंबील कडक, खालचे ओलसर. मी भाव कमी करायला भांडत असताना लेक मध्ये बोलली, म्हणून तिच्यावर खेकसलो. ती रडू लागली. हे खेकसणं रोजचंच; असल्या तोंडाने येशूचं नाव कसं घ्यावं, म्हणून घरची प्रार्थना मी सोडूनच दिली होती.

पदराने माशा हाकलत मासळीवाली म्हणाली, "दादा, पोर रडतेय, पन तुमचाच सदरा धरून. भ्यायली असती तर लांब पळाली असती."

"तू भाव बोल!"

"तो कमी व्हनार नाय."

त्या संध्याकाळी लेकीला जवळ घेऊन मी पुन्हा प्रार्थना केली. पाळकसाहेब, तुम्ही दर रविवारी चर्चमध्ये आम्हा आईबापांच्या चुका सांगता. त्या मासळीवालीने दिला तेवढा धीर तुमच्याकडून का नाही मिळाला? उत्तर द्या.