धोंडूबाईची पहिली गाठ

हरेश्वरच्या शेतातल्या बियाण्याच्या तुकड्यात पहिला डाग दिसला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सलग चार दिवस धुके पडले होते आणि सकाळचे दव दहा वाजेपर्यंत सुटत नव्हते. कांद्याच्या फुलदांड्यावर बोटाच्या पेराएवढा, पांढुरका, किंचित खोलगट चट्टा. आठवड्याभरात त्याच्या मध्यावर जांभळी झाक चढली आणि दांडे नेमके तिथेच मोडून गोंड्यांसकट खाली लोंबू लागले. गोंडे गेले म्हणजे बी गेले. आणि अलिबागजवळच्या या गावात पांढऱ्या कांद्याचे बी विकत आणण्याची रीत नव्हती. ज्याने त्याने आपले राखायचे.

धोंडूबाईला स्वतःचे शेत नव्हते. ती माळा विणणारी. काढलेला कांदा पातीसकट सावलीत सुकला की त्या पातीची वेणी घालून माळ करायची, हे काम ती चाळीस वर्षे करत होती. प्रत्येक घराची पहिली माळ तिच्याच हातची. ती विकायची नाही. दिवाळीपर्यंत आढ्याला टांगून ठेवायची आणि थंडी लागली की तिचेच कांदे बियाण्यासाठी लावायचे. त्या पहिल्या माळेची पहिली गाठ मारताना धोंडूबाई आपल्या घरच्या, मजुरीत मिळालेल्या गेल्या वर्षीच्या माळेतली चिमूटभर जुनी पात पाण्यात भिजवून आत घ्यायची. त्याने माळ तुटत नाही, असे सासूने सांगितले होते. सासूला तिच्या सासूने. त्यापलीकडचे तपासायला काही साधन नव्हते. जुनी पात भिजली की चिवट होते आणि गाठ घट्ट बसते, एवढे मात्र खरे होते.

कृषी सहायक विपुल शेतावर आला तेव्हा बांधावर पाच-सात माणसे होती. धोंडूबाई वाटेने जाता जाता थांबली होती. विपुलने दांडा मोडून उन्हाला धरला.

"करपा आहे. बुरशी. मागच्या वर्षीच्या वाळक्या पातीत ती जिवंत राहते. लावायच्या आधी पात कापून शेतात टाकता ना? ती जाळून टाका."

"जाळू?" हरेश्वर म्हणाला. "सायब, कांद्यांची माळ पातीवर हाय. का आता पिशवीत घालून टांगू?"

सगळे हसले. धोंडूबाई हसली नाही. वाळकी पात एवढे दोनच शब्द तिच्या कानात राहिले.

पुढचे काही दिवस तिने कुणाला न सांगता गाव पालथे घातले. कुठे शेणी मागायच्या निमित्ताने, कुठे कुणाची तब्येत विचारायला. पाच घरांनी बियाण्याचे कांदे लावले होते. चार तुकड्यांत डाग होते. पाचवा, जयमालाबाईंचा, स्वच्छ होता.

जयमालाबाई शाळेत शिकवत असत. गेल्या मार्चमध्ये धोंडूबाई लेकीच्या, हेमालीच्या बाळंतपणाला उरणला गेली आणि परतायला दहा दिवस उशीर झाला. तेवढ्यात बाईंनी आपली माळ आपणच विणली. ती पाहून बायकांनी महिनाभर करमणूक करून घेतली होती. "बाई, ही माळ हाय का उंदरांनी सोडलेली सुतळी?"

त्या माळेत धोंडूबाईची जुनी पात नव्हती.

हा विचार मनात आला तसा तिने तो झटकला. बाईंचा तुकडा टेकडीच्या कडेला, तिथे ऊन लवकर येते, दव लवकर सुटते. कारण तेच असणार. या कारणाला तिने दोन दिवस घट्ट धरून ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः जाऊन उभी राहिली. ऊन खरेच लवकर आले. पण शेजारी, बांधाला बांध लागून, कोंडाजीचा तुकडा होता. तिथेही ऊन त्याच वेळी आले, दव त्याच वेळी सुटले. आणि तिथले दांडे मोडलेले होते.

त्या दिवसापासून तिला भाकरी गोड लागेना. मधूनच ती तळवे उलटसुलट करून पाहायची, जणू डाग तिथेच उमटणार होता. सांगावे, तर चाळीस वर्षांत दिलेल्या प्रत्येक गाठीवर बोट येणार. पुढे कुणी दारात उभे करील की नाही? न सांगावे, तर मार्च तोंडावर आला होता आणि नव्या पहिल्या माळा तिच्याच हातून व्हायच्या होत्या. चार घरांनी मोडक्या गोंड्यांतून मूठ-मूठ बी झाडून काढले होते. पुढचा हंगाम त्यावर निघाला असता. त्याच्या पुढचा या माळांवर होता. पुढच्या वर्षीही करपा आला, तर राखायला काही उरणार नव्हते.

हरेश्वरकडचे बोलावणे पहिले आले. पडवीत कांदा पसरला होता. हरेश्वरची बायको मैना हिने पाण्याचे भांडे पुढे ठेवले. धोंडूबाईने पिशवीतून जुन्या पातीची जुडी काढली आणि मांडीवर ठेवून नुसतीच बसली.

"काय गं काकी, मुहूर्त बघतेस व्हय?" मैना म्हणाली.

"हरेश्वर, तुझा करपा या पातीतनं आला असंल," धोंडूबाई म्हणाली. "मीच घातलेली. सगळ्यांच्या माळेत."

हरेश्वर आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. "सायब म्हणला, वाऱ्यानं पण येतो."

"येतो की. पण वारा जयमालाबाईंच्या शेतात पण जातो."

हरेश्वरने जुडी उचलून नाकाजवळ नेली, वास घेतला, परत ठेवली. त्यात दिसण्यासारखे काही नव्हते; वाळकी, तांबूस पात.

"नक्की हाय का?"

"नक्की न्हाय. पुढच्या जानेवारीत कळंल."

"मग यंदा माळ कोण विणणार? जयमालाबाई?" मैना म्हणाली. "त्यांचे निम्मे कांदे दिवाळीआधीच जमिनीवर आले होते."

तरीही कुणी हसले नाही. धोंडूबाई उठली, अंगणात पाणी तापवायच्या चुलीपाशी गेली आणि जुडी आत सारली. पात भपकन पेटली. घरच्या आढ्याला उरलेली माळही आज अशीच जायला हवी होती. ती परत येऊन बसली. तिला कुणी बस म्हटले नव्हते, ऊठ असेही नाही.

तिने नव्या पातीच्या तीन बटा घेतल्या, भिजवल्या आणि गाठ मारली. गाठ सुटली. दुसऱ्यांदाही सुटली. तिसऱ्यांदा बसली, पण एका बाजूला कलून. पहिलेच पाच कांदे वाकडे लागले.

मैनाने मान तिरपी करून पाहिले. "काकी, ही तर थेट बाईंच्या माळेगत दिसते."

"तशीच दिसू दे," धोंडूबाई म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला. अजून तीन घरांत सांगायचे राहिले होते.