फणसाखालचा फोटो

माणूस जातो, प्रतिमा मागे राहते. नश्वर देहाला मिळालेले एकमेव अमरत्व म्हणजे छायाचित्र. हा विचार आमच्या थोरल्या काकांचा. तो त्यांनी मे महिन्यात, भर दुपारी, लोकरीचा कोट आणि काळी टोपी घालून, खळ्यात मांडलेल्या खुर्चीवरून साऱ्या कुटुंबाला ऐकवला. मग फोटो काढून घेतला आणि डावीकडे कलंडले. त्यांना उचलून पडवीत आणले, तोंडावर पाणी मारले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो इलो?"

फोटो आला होता. म्हणजे काचेवर काहीतरी उमटले होते. पुरुषांच्या टोप्यांची सावली नाकापर्यंत उतरल्यामुळे त्यांना फक्त मिशा होत्या. बायकांनी उन्हाला तोंड देताना डोळे घट्ट मिटले होते. काकीच्या मांडीवरचे मूल हलल्यामुळे त्याला दोन डोकी आली होती. धाकट्या आत्याच्या लग्नातला हा फोटो. स्वतः नवरी त्यात नाक आणि मुंडावळ्या एवढीच दिसत होती.

त्या काळी आमच्या भागात माणसाचा फोटो आयुष्यात दोनदा निघे. एकदा लग्नात आणि एकदा मेल्यावर, खुर्चीत टेकवून. दुसऱ्या वेळी मिटलेले डोळे निदान शोभत तरी.

दोष उन्हाचा नव्हता, मुहूर्ताचा होता. काका कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि कुठलेही काम योग्य वेळी दाखल झाले पाहिजे ही त्यांची श्रद्धा. अभिजित मुहूर्ताला पंचांग बघावे लागत नाही, तो रोजच असतो आणि सगळ्या कामांना चालतो, असे भटजींनी त्यांना एकदा सांगितले होते. तो बरोबर मध्यान्हीला येतो, ही त्याची एकच अडचण. काकांना ती अडचण वाटत नसे.

लग्नानंतर आत्याचे यजमान आफ्रिकेला गेले. तिकडे रेल्वेत नोकरी होती. वर्षभराने तिला बोलावणे आले. पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी मालवणहून मुंबई गाठायची आणि तिथून मोठे जहाज. परत कधी येणार, हे कोणालाच सांगता येईना. मी तेव्हा जवळच्या कट्टा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीत घरी होतो. आत्या माझ्याहून थोडीच मोठी. एका सकाळी कोकमाची सोले वाळत घालता घालता तिने लग्नातला फोटो माझ्यासमोर धरला.

"ह्यो घेवन मी थंय गेलंय तर लोक इचारतीत, तुमच्या घराण्यात सगळेच आंधळे काय गो?"

मी हसलो. ती हसली नाही.

"हस तू. माका थंय कोणाचा तोंड आठवला नाय तर मी काय करू? ह्या मिशांका ओळखू?"

तिला कुटुंबाचा आणखी एक फोटो हवा होता. सगळ्यांचे डोळे उघडे, चेहरे ओळखू येतील असा, आणि तो जाण्याआधी हातात पडेल असा. फोटोग्राफर मालवणचा. तो एसटीने कट्ट्यापर्यंत येई आणि पुढे आमच्या बैलगाडीतून. एका हंगामात तो दोनदा आला असे कधी झाले नव्हते. तेव्हा जमले तर एकदाच.

मी शिकलेला असल्यामुळे सूर्याची दिशा, सकाळचा कोन वगैरे बोलू लागलो. आत्याने मला खळ्याच्या कडेला नेले. मे महिन्यात आमच्याकडे खळ्यात, अंगणात, कौलांवर, जिथे ऊन पोचते तिथे काही ना काही वाळत असते. सोले, सांडगे, काजूबिया, सुके मासे. घरातल्या बायकांना उन्हाचा नकाशा पाठ असतो, कारण त्या दिवसभर त्याच्यामागे सुपे फिरवत असतात. सगळ्या आवारात एकच जागा मोकळी होती. घराच्या उत्तरेला, फणसाखाली.

"हंय सोलां घातली तर कुसतत," आत्या म्हणाली. "जंय सोलां सुकनत नाय, थंय माणसां बसव."

छायाचित्रकलेवर मी पुढे बरीच पुस्तके वाचली. त्यांत हीच गोष्ट पुष्कळ पानांत सांगितलेली आहे.

फणसाची जागा ठरली. सकाळची वेळ ठरली. मग आले काका.

"फोटो अभिजितार," त्यांनी जाहीर केले. "आणि पयला गाऱ्हाणा."

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती. आमच्याकडे विहीर खणायची असो की म्हैस आणायची असो, घरातला कर्ता उभा राहून देवाला एकेक मागणे सांगतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्का मारतात. काकांचे गाऱ्हाणे गावात प्रसिद्ध होते. लांबीसाठी.

काकांशी वाद घालायचा नसतो हे आत्याला जन्मापासून माहीत होते. ती ताकाचा पेला घेऊन त्यांच्यापुढे बसली.

"दादानू, तुमी कचेरीत होतास. अर्ज दुपारी दिलो तर निकाल त्याच दुपारी लागता?"

"खुळी काय गो तू? तारीख पडता."

"मगे! गाऱ्हाणा उद्या अभिजितार घाला, माजघरात, थंडाव्याक बसान. अर्ज दाखल झालो. फोटो ही तारीख. ती परवा सकाळची."

काकांनी पेला हातात घेतला. या युक्तिवादात त्यांना कुठेही फट दिसेना. "आणि तारीख दिल्यान कोणी?"

"फोटोवाल्यान. तो परवा उजाडताच, फाटफटीक येता हा."

काकांनी ताक संपवले. "तारीख पडली म्हणजे हजर रवाक व्हया," ते म्हणाले, आणि अभिजित मुहूर्त आमच्या वाटेतून बाजूला झाला.

उरले कोट. कोटाशिवाय फोटो काढणे म्हणजे उघड्याने देवळात जाणे, असे सगळ्या पुरुषांचे मत होते, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचे तर फारच. आत्याने कोट काढायला सांगितले नाही. तिने फणसाजवळ एक आडवा बांबू बांधला आणि सगळे कोट त्यावर टांगायला लावले. फोटोवाला सांगेल तेव्हा अंगात घालायचे, आधी नाही. टोप्या दोन बोटे मागे. त्यावर काका म्हणाले की टोपी मागे मवाली सरकवतात. काकीने आत जाऊन लग्नातला फोटो आणला आणि त्यांच्या मिशांवर बोट ठेवले. टोपी मागे गेली.

सगळ्यांनी पेज खाऊनच बसायचे, असाही हुकूम होता, कारण भुकेला माणूस फोटोत रागावलेला दिसतो. कोकमाचे सरबत फोटो झाल्यावर. आधी दिले तर पोरे ते सदऱ्यांवर घेतील.

ठरल्या सकाळी फोटोग्राफर आला. तीन पायांवर कॅमेरा चढला, काळे फडके आले. आत्याने त्याला ओला पंचा दिला. "डोक्यार घेवा, मगे त्या काळ्या फडक्यात शिरा." त्याने तो डोक्यावर घेतला. मग म्हणाला की आजवर लोकांनी त्याला चहा विचारला होता, घाम कोणी विचारला नव्हता.

जागा त्याला पसंत पडली. मात्र समोरून थोडा उजेड हवा म्हणाला. आत्याने नीळ दिलेले पांढरेशुभ्र धोतर आणले. ते तिरपे धरले की बाहेरचे ऊन त्यावरून परतून चेहऱ्यांवर पडे. बांबूला बांधून ते नीट तिरपे राहीना. एक टोक मी धरले, दुसरे तिने.

"तुझ्याशिवाय फोटो कसलो गो?" काकी ओरडली. "तू बस हंय. दुसरा कोणी धरीत."

"वैनी, माझा तोंड बघूक माका आरसो आसा. तुमचा आरशात दिसाचा नाय."

काकीने पदर तोंडाला लावला आणि लगेच खाली घेतला, कारण फोटोग्राफर बघत होता.

"कोट!" तो म्हणाला. कोट चढले. पोरे बसली. फणसाच्या पानांतून उन्हाचा एक पट्टा मागच्या रांगेच्या पायांपाशी आला होता आणि हळूहळू वर सरकत होता. फोटोग्राफरने भिंगाच्या झाकणावर हात ठेवला. आणि काका उठून उभे राहिले.

"दादानू, बसा!"

"काल अर्ज दिलो," काका शांतपणे म्हणाले. "आज आठवण करूक व्हयी."

निवृत्त शिरस्तेदाराला स्मरणपत्रापासून कोण परावृत्त करणार? देऊळ कॅमेऱ्याच्या मागच्या दिशेला होते, हे आमचे नशीब. खुर्चीला पाठ लावून देवाशी बोलणे त्यांना बरे दिसेना, म्हणून ते एक पाऊल बाजूला झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा म्हाराजा! आमच्या घरचा चेडू दर्यापलीकडे जाता आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बोटीक वारो सरळ दी! परक्या मुलखात तेका आपली माणसां गावांदेत!"

"व्हय म्हाराजा!" 

पट्टा मागच्या रांगेच्या गुडघ्यांवर आला. मी आत्याकडे बघितले. ती बघत होती समोर. मीही बघितले. प्रत्येक 'व्हय म्हाराजा'नंतर सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत स्तब्ध होत. माना वर, डोळे उघडे, कोणाला कॅमेऱ्याची आठवण नाही.

"आणि आज ह्यो फोटो काढतत," काका म्हणाले, "तेच्यात कोणाचो डोळो मिटलेलो आसात, तर तो उघड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी डोळे उघडले. उघडे होते त्यांनी आणखी उघडले.

"आता!" आत्या कुजबुजली. झाकण निघाले आणि परत बसले. पट्टा तेव्हा मागच्या रांगेच्या कंबरेला होता.

काका पुढे बराच वेळ देवाशी बोलत होते. त्यांना कोणी अडवले नाही.

बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी फोटोग्राफरने दोन प्रती पाठवल्या. आत्या पडवीत बसली आणि एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत गेली. हो थोरलो दादा, ही वैनी, हो धाकलो. एकही डोळा मिटलेला नव्हता. मुलाला एकच डोके होते. काका खुर्चीशेजारी हात जोडून उभे, आणि देवाने त्यांचे म्हणणे नुकतेच मान्य केल्यासारखे दिसत होते. आत्याने सगळे दोनदा तपासले, एक प्रत लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, "आता जातंय."

ती परत आली ती १९६०च्या दशकात, रजेवर. बरोबर तिकडेच जन्मलेली मुलगी. तिचा आम्हा कोणाशी कधी संबंध आलेला नव्हता. बंदरावर होडीतून उतरताच ती पोर सरळ काकांपुढे गेली आणि हात जोडून उभी राहिली. मग एकेकाकडे वळली. "ही मोठी मामी. हो धाकलो मामा. तू दुसऱ्या रांगेतलो." कोणालाही चुकली नाही. काकी बंदरावरच रडायला लागली. चाकरमानी मंडळी चष्मे पुसू लागली. आत्या बाजूला उभी राहून, परीक्षेला बसवलेल्या मुलीच्या आईसारखी, एकेक उत्तर ऐकत होती.

शेवटी मुलगी माझ्यापाशी आली, मला नीट निरखले आणि आईला विचारले, "हो कोण?"

काकांनी त्या संध्याकाळी अमरत्वाचा विचार पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवला. या वेळी कोणी हसले नाही. मुलीने मग आमच्याकडची प्रत बघायला मागितली. आमच्या प्रतीवरचे चेहरे पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने खाल्ले होते. तिच्यात फणसाचे खोड आणि काकांची रिकामी खुर्ची फार स्पष्ट आली आहेत.