हवा काढली

विजेच्या उपकेंद्रात सगळे त्यांना 'जपून' म्हणत. स्वारीने तोंड उघडलं की पहिला शब्द तोच. चहाला निघालेल्या माणसालाही हे मागून ओरडणार, "जपून रे!" लोक हसायचे. हसोत बापडे. तेवीस वर्षांपूर्वी ह्या ऑपरेटरने एक ट्रान्सफॉर्मर फुटताना पाहिला होता. झाकण उडालं, पेटलेलं तेल आवारभर पसरलं, आणि सोबतीचा माणूस त्यातून बाहेर आलाच नाही. तेव्हापासून ते रोज जीव मुठीत धरूनच फाटकातून आत शिरत. तेलात ओल जाऊ नये म्हणून ठेवलेले निळे दाणे गुलाबी पडलेत का बघत, पंख्यांचा आवाज ऐकत, तापमानाचा काटा दोनदा वाचत.

सगळ्यात धास्ती घंटेची. ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर, तेलाच्या नळीत, काचेची खिडकी असलेली एक डबी बसवलेली असते. तिच्यात हवा किंवा गॅस साचला की कंट्रोल रूममध्ये घंटा होते. हवा असेल तर काळजी नाही. गॅस असेल, तर आत काहीतरी जळतंय.

महिन्यापूर्वी तेल गाळून भरलं होतं. त्यानंतर थोडीफार हवा राहतेच. घंटा झाली की फिटर शिडी लावून वर जाई, डबीची तोटी सोडून येई, आणि रजिस्टरमध्ये नोंद पडे, 'हवा काढली.' हा फिटर म्हणजे जपूनरावांचा सख्खा मेहुणा, बायकोचा एकुलता एक भाऊ, आणि थट्टेत सगळ्यांच्या पुढे.

आधी आठवड्याने झालेली घंटा मग तीन दिवसांनी झाली, मग रोज. आज सकाळपासून तर ही दुसरी. उरलेली हवा दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. ही वाढत कशी चालली होती?

"या वेळी सोडून देऊ नकोस," ते म्हणाले. "फुग्यात भरून आण."

"का हो भाऊजी, वाढदिवस कुणाचा?" मेहुणा हसत वर चढला.

तो रबरी फुगा घेऊन जपूनराव दूर फाटकाजवळच्या भिंतीआड गेले आणि त्याच्या तोंडाशी पेटती काडी धरली. हवा असती तर काहीच झालं नसतं. भप्पकन ज्योत उठली.

त्यांची पाचावर धारण बसली. धावत आत येऊन त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, गॅस पेटतोय. बंद करतो."

"भर दुपारी अर्धं शहर बंद? अहो, तुमच्याच रजिस्टरमध्ये हवा लिहिलंय. संध्याकाळी बघू."

तेवढ्यात तिसऱ्यांदा घंटा झाली. त्यांनी खिडकीतून पाहिलं. मेहुणा सवयीने शिडी चढत होता, हातात पाना. ज्योतीचं त्याला सांगायचंच राहिलं होतं.

रिसीव्हर तसाच लोंबकळत टाकून त्यांनी ब्रेकर पाडून ट्रान्सफॉर्मरची वीज तोडली. घरघर थांबली. फोनमधून साहेबांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"भाऊजी, घाबरलात की काय?" वरून आवाज आला.

"हो, घाबरलो! उतर आधी!"

तिसऱ्या दिवशी तेल उपसून झाकण उघडलं. आतला एक जोड सैल पडून तांबं वितळलं होतं, भोवतीच्या कागदाचा कोळसा झाला होता. साहेबांनी वाकून पाहिलं. "फार तर तासाभरात फुटला असता," ते पुटपुटले. मेहुण्याने वळून शिडीकडे पाहिलं.

सगळ्यांनी जपूनरावांची पाठ थोपटली. त्यांनी मात्र कंट्रोल रूममध्ये जाऊन रजिस्टर उघडलं. 'हवा काढली' अशा नोंदी मोजत ते मागे मागे गेले. सगळ्यांनी वरचं बघून खाली तेच उतरवलं होतं. अगदी पहिली नोंद त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होती. त्या दिवशी त्यांनी काडी लावून पाहिलीच नव्हती.

मेहुणा मागे येऊन उभा होता. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं.

"माझ्या एका शब्दावर तू अकरा वेळा वर गेलास," ते म्हणाले.

मेहुण्याने हलकेच रजिस्टर मिटलं.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला.